पाण्याच्या रेषेखालची होडी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय अठ्ठावीस, अविवाहित, मालवाहतुकीच्या कचेरीत कारकून आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या होडीचं बूड घासणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, पण कायदा फुप्फुसांबद्दल काही विचारत नाही. मला कोणी धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. चुकीच्या एका शब्दाने सगळं फुकट जाईल अशी धास्ती मला असते, म्हणून जिथे खाडाखोड आहे तिथे बाजूला सही केली आहे. डॉक्टरांनी फार आशा धरू नका म्हणून सांगितलं आहे. मी धरलेली नाही.

कलम १. होडी.

आमच्या घरात होडीची वाटणी उभी करत नाहीत, आडवी करतात. पाण्यावर दिसते ती पुरुषांची, पाण्याखाली असते ती बायकांची. वडील गेले तेव्हा त्यांनी हेच लिहायला सांगितलं होतं. कागद करणारा हसला आणि त्याने ‘अर्धी मुलास, अर्धी मुलीस’ असं लिहिलं. मी ते वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, “एकच झालं.” एकच नव्हतं. वरच्या अर्ध्यात मासळी येते आणि खालच्या अर्ध्यात काम.

काम असं. होडी किनाऱ्यावर ओढून टेकूंवर उभी केली की खाली जेमतेम कोपरभर जागा उरते. तिथे पाठीवर सरकत जायचं आणि पात्याने शिंपल्या, शेवाळ, जे जे चिकटून वाढलं असेल ते खरवडायचं. बायकांचे हात लहान, होडीच्या कण्याजवळच्या सांदीत जातात, असं कारण सांगतात. बूड ओलं असतानाच घासलं तर शिंपल्या तोंडावर पडतात, एवढंच होतं. दादा मात्र ते वाळू देतो, म्हणजे जुना रंगही सुटतो आणि नवा नीट बसतो. तो रंग शिंपल्या मराव्यात म्हणूनच केलेला. वाळला की त्याचं लाल पीठ होतं आणि ते पीठ घासणारीच्या नाकातोंडात जातं.

रंगाच्या डब्यावर तसं लिहिलेलं आहे. मी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं होतं.

“तुला वाचायला आम्ही शिकवलं,” दादा म्हणाला, “आता डबा आम्हाला शिकवणार होय?”

“माझी सासू खाली गेली, तिची सासू गेली,” आई म्हणाली. “मेल्या का त्या?”

“मेल्याच की गं आई. खोकून खोकून.”

“म्हाताऱ्या होऊन मेल्या,” आई म्हणाली, आणि तिलाच ढास लागली. आम्ही ती थांबेपर्यंत ताटाकडे बघत बसलो.

बूड घासलं नाही तर होडी जड होते, डिझेल खाते आणि माशांच्या मागे पोचत नाही, हे दादाचं खरं आहे. ते मी नाकारत नाही. गोदीतला रंगारी पाण्याच्या फवाऱ्याने, ओलं असतानाच, नाकातोंडावर मुखवटा लावून हेच काम मजुरीवर करतो. पण दादाचं म्हणणं, “घरात बाई असताना बाहेर मजुरी कशाला?” आता घरात बाई म्हणजे वहिनी. माझं अंथरूण मागच्या खोलीत लागलं त्या आठवड्यात दादाने तिच्यासाठी कागदात गुंडाळून भेट आणली. तिला वाटलं बांगड्या. निघालं नवं पातं.

म्हणून माझा अर्धा हिस्सा, म्हणजे पाण्याखालची होडी, मी दादाच्या नावे करते. बूड त्याचं झालं की त्यानेच खाली जावं. कण्याजवळ त्याचे खांदे अडकतील. माझेही अडकायचे.

कलम २. हत्यारं.

माझं पातं झिजून दोन बोटं उरलं आहे. ते रंगाऱ्याला द्यावं. टेकूला टेकलेली जागा न घासता तशीच राहते आणि शिंपल्या नेमक्या तिथूनच पसरतात, म्हणून टेकू एकेक करून सरकवावा, दोन एकदम कधीही नाही, हे मला त्याने शिकवलं. मुखवटाही त्यानेच दिला होता. तो लावून घरी आले तेव्हा दादा दोन्ही हात वर करून म्हणाला, “घे बाई, सगळं घे, पण जीव सोड.” सगळे हसले. मीही हसले, आणि नंतर तो लावला नाही. मुखवटा आईला द्यावा. ती म्हणेल, आता काय उपयोग. तरी द्यावा.

जिन्याखाली जुन्या रंगाचे डबे आहेत. ते गटारात ओतू नयेत. असला रंग आता विकायला बंदी आहे. दुकानदार तो अजूनही मागच्या दाराने देतो आणि वर म्हणतो, “ताई, हा खरा रंग, नवा म्हणजे नुसतं पाणी.” त्याला माझ्या मयताला येऊ देऊ नये.

कलम ३. कानातले आणि बँकेतली शिल्लक वहिनीला. शाळेची प्रमाणपत्रं कोणाच्याच कामाची नाहीत. ती माझ्याबरोबर जाळावीत.

कलम ४. वरच्यात बदल.

इथपर्यंत लिहून मी वहिनीला वाचून दाखवलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती. कलम १ ऐकून ती थांबली.

“वन्सं, यांच्या नावावर आलं म्हणजे माझ्याच अंगावर आलं की.”

मला हे सुचलं नव्हतं. इतकं शिकून सुचलं नव्हतं. मग मी तिला साक्षीदारांचा नियम सांगितला. रंगारी एक साक्षीदार होणार होता, दुसरा मिळत नव्हता. जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला, आणि त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला, मृत्युपत्रातलं काहीही मिळत नाही. रंगाऱ्याचं पातं म्हणूनच मी आधीच त्याच्या हातात दिलं आहे.

“म्हणजे मी सही केली तर बूड आमच्याकडे येत नाही?”

“कागदावर तरी नाही. पण कानातलेही नाहीत, पैसेही नाहीत. दादा तुला घरात नीट जगू देणार नाही.”

“आत्ता कुठे नीट जगू देतात?” तिने घडी बाजूला ठेवली. “पेन आणा इकडे.”

तेव्हा तिच्या सहीमुळे वहिनीचं आणि दादाचं जे जे रद्द होईल, ते सगळं, अर्ध्या होडीसकट, मी आईला देते.

आई, हे दादा तुला ऐकू देणार नाही, म्हणून वाचून दाखवायला रंगाऱ्याला सांगितलं आहे. आता बूड तुझं आहे आणि खाली कोणी जायचं ते तू ठरवायचं आहेस. तू मला पाठवलंस तेव्हा त्या पिठात काय असतं ते तुला माहीत नव्हतं. त्याचा राग मी धरलेला नाही. डब्यावरचं मात्र मी तुला वाचून दाखवलं आहे, आणि वाचून दाखवणारीला तू रोज रात्री खोकताना ऐकतेस. तू वहिनीला पाठवणार नाहीस असा भरवसा मला वाटत नाही. पण पाठवलंस तर ते माहीत असून पाठवशील. माझ्याकडून याहून जास्त काही होत नाही.

हे लिहिलेलं मी पुन्हा वाचलं, समजून घेतलं, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला: गोदीतला रंगारी (सही)

साक्षीदार दुसरी: माझ्या भावाची बायको. दादा अंगणातून तिला हाका मारतो आहे. होडी वर ओढली आहे, बूड वाळलं आहे, ये म्हणतो आहे. तिने ओ दिलेली नाही. ती सही करते आहे.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली

तारीख: आजची