हृदय नादुरुस्त ठरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, वैद्यकीय मंडळ,
कोळसा खाण कार्यालय, नल्लगुट्टा (तेलंगणा)

अर्जदार: जाडी ओदेलु, भूमिगत कामगार, खाण क्र. ३

विषय: माझे हृदय ३० नोव्हेंबरपूर्वी नादुरुस्त ठरवून मिळणेबाबत.

संदर्भ: (१) हृदयरोगामुळे बुडालेल्या उत्पादनाची आपली यादी, दि. ४/११/२०१९
(२) मी तंदुरुस्त असल्याचा आपला दाखला, दि. ४/११/२०१९

महोदय,

१. उपरोक्त यादीत माझे नाव पहिले आहे. माझ्या हृदयामुळे वर्षात ९४ पाळ्या बुडाल्या, ६११ टन कोळसा निघाला नाही व खाणीचे एकोणीस लाखांचे नुकसान झाले, असे आपण कॅन्टीनच्या दारावर चिकटवले. तेव्हापासून पाळीतले लोक "ओदेलुअण्णा, सहाशे टन छातीत अडकवून बसलायस, जरा खोक की!" असे म्हणतात.

२. त्याच दिवशी आपल्या डॉक्टरसाहेबांनी छातीला नळी लावून "काही नाही, गॅस आहे" असे सांगितले व मला तंदुरुस्त ठरवले. तरी नम्र विचारणा की, एकोणीस लाखांचा कोळसा गॅसने खाल्ला काय?

३. निवृत्तीला किमान दोन वर्षे बाकी असताना कामगार नादुरुस्त ठरला, तर त्याच्या जागी मुलगा लागतो. ३० नोव्हेंबरनंतर माझी दोन वर्षे उरत नाहीत, आणि मंडळ पुन्हा बसणार ५ डिसेंबरला. त्यापुढे मुलाला नोकरी मिळण्याचा एकच मार्ग राहतो, तो म्हणजे मी नोकरीत असताना मरणे.

४. सदर नियम माझ्या घरी सर्वांस तोंडपाठ आहे. पत्नी लच्चक्का पूर्वी तेलाचा थेंब मोजून घाली. हल्ली रोज मटण, वर चार बोटे तर्री. गोळ्यांची डबी विचारली, तर "कुठं गेली कोण जाणे!" मुलाचे लग्न नोकरीवाचून अडले आहे. होणारे व्याही दर रविवारी ताडी घेऊन येतात, माझे तोंड निरखून पाहतात आणि "मग, मुहूर्त कधीचा धरायचा?" असे मलाच विचारतात.

५. गेल्या गुरुवारी छातीत कळ आली. मुलगा रायलिंगु यास गाडी काढण्यास सांगितले. तो म्हणाला, "काढतो बापू, एवढा चहा घेतो." कप काठोकाठ भरलेला होता. त्याने तो बशीत ओतून, फुंकून फुंकून संपवला.

६. पोरगा वाईट नाही. ही नोकरी मला १९८६ साली वडिलांच्या जागी लागली. त्यांच्या छातीत कळ आली तेव्हा त्यांना दवाखान्यात न्यायला घरात मीच होतो. मीही आधी चहा घेतला होता. दोन कप. तेहतीस वर्षांत हे कोणाला बोललो नाही, आज आपणांस कळवत आहे.

सबब, रायलिंगुचा अजून एकच कप झालेला आहे. दुसरा होण्यापूर्वी मला नादुरुस्त ठरवावे, ही विनंती.

आपला नम्र व अद्याप हयात,
(सही) जाडी ओदेलु
दि. ११/११/२०१९

सोबत:
१. हृदयाचा आलेख.
२. आपल्या यादीची प्रत.
३. वारसा नोकरीसाठी मुलाचा अर्ज. हा मला त्याच्या गादीखाली मिळाला. पूर्ण भरलेला आहे. फक्त माझ्या मृत्यूच्या तारखेची जागा कोरी आहे.