आईच्या उजवीकडचं स्टूल

ता. ६ ऑगस्ट

चि. थोरल्यास, अ. आ. वि. वि.

फोनवर तू नेहमी घाईत असतोस, म्हणून लिहितो. तुझ्या आईने हट्ट धरलाय, भिंतीवर आपल्या चौघांचा एक फोटो हवा. आता तिला डाव्या कानानेही कमी ऐकू येतं. डॉक्टर म्हणाले, हाही फार दिवस साथ देणार नाही. ती म्हणते, आवाज बंद झाले की निदान बघायला तरी सगळे असू देत.

धाकटा असेल तिथे तू यायचा नाहीस, हे ठाऊक आहे. तिच्या उजव्या कानाचं ऑपरेशन तू करवलंस, कान कायमचा गेला, आणि तो तुला जे बोलला ते मीही विसरलेलो नाही. म्हणून युक्ती काढली आहे. फोटो घरीच काढायचा. भिंतीवर पांढरी चादर टांगली. कॅमेऱ्याखाली माझ्या शाळेतल्या कवितांच्या पुस्तकांची चळत; आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडली, असं तुझी आई म्हणते. फरशीवर खडूने खुणा केल्या: मध्ये आईची खुर्ची, मागे माझी पावलं, तिच्या डावीकडे तुझं स्टूल, उजवीकडे धाकट्याचं. तू या रविवारी ये, तो पुढच्या. कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला दोन्ही फोटो जोडून देतो म्हणालाय. दोन ओळी वेगवेगळ्या दिवशी सुचल्या, तरी कडवं होतंच ना!

माया पाकिटातून पाठवू नकोस, सोबत घेऊन ये.

तुझा, बाबा


ता. १८ ऑगस्ट

चि. थोरल्यास, अ. आ.

घोटाळा झाला रे. तुझा फोटो झकास आलाय. काल धाकटा आला, सांगितल्यासारखा उजवीकडे बसला. मी बटण दाबून माझ्या पावलांकडे धावत सुटलो, तेवढ्यात आईने त्याला दंडाला धरून डावीकडच्या स्टुलावर ओढलं. त्या बाजूने बोललास तर मला काय कळणार, म्हणाली. फोटो निघाला. पुन्हा काढू म्हणेपर्यंत त्याचं लक्ष फरशीकडे गेलं. मी वेड्यासारखी खुणांवर नावंही लिहिली होती. तुझं नाव वाचलं, उठला, आणि चहा अर्धा टाकून गेला.

स्टुडिओवाला म्हणतो, दोघं एकाच जागी आहात, एक ठेवला की दुसरा झाकला जाणार. कापून उजवीकडे नेता येईल, पण दोन्ही फोटोंत आईने मुलाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरलाय. तो तिथेच राहील. एकदा ये, उजवीकडे बस. तेवढी माया करच.

बाबा


ता. २५ ऑगस्ट

ती. बाबांना सा. न. वि. वि.

मला कुठेही बसवा, उजवीकडे नको. तिला हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर कितीतरी दिवस मी त्याच बाजूला उभा राहून हाका मारून बघत होतो. ती नुसती समोर बघायची. भिंतीवर रोज तेच टांगून ठेवायचं का? धाकट्याचा फोटो लावा. ऑपरेशन नको, हे त्याचंच म्हणणं खरं ठरलं, जागाही त्यालाच मिळू दे. तुमची धाव मात्र बघण्यासारखी होती. शाळेतही असेच शेवटून पहिले यायचात का?

माझ्या वाटणीचा लोभ उरला असेल, तर राहू द्या.

तुमचा, थोरला


ता. ४ सप्टेंबर

चि. थोरल्यास व चि. धाकट्यास, अ. आ.

दोघांना हेच पत्र लिहितोय. धाकट्यानेही कळवलंय, दादाचाच लावा. जागा दोघांनी सोडली, यायला एकही तयार नाही.

काल तुमच्या आईने दोन्ही फोटो एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. आम्ही दोघं तंतोतंत जुळलो. तिची खुर्ची, तिचे हात, तिच्या मागे धापा टाकणारा मी. तुमच्या जागी मात्र एकच चेहरा दिसत होता, थोरल्याचाही नाही, धाकट्याचाही नाही. बराच वेळ बघून तिने विचारलं, हा कोण. मी तुमची नावं सांगितली. तिने डावा कान पुढे केला. मी पुन्हा सांगितली, मोठ्याने. तेव्हा तिने हसून मान डोलावली. ती मान मला चांगली ठाऊक आहे. काहीच ऐकू आलं नाही की ती तशीच डोलावते.

खुणा पुसलेल्या नाहीत. संध्याकाळी मी तिच्या उजवीकडच्या स्टुलावर बसून पाठ असलेल्या कविता म्हणतो. आता बाजू कुठलीही चालते.

तुमची माया असेल तिथे असो.

बाबा