मांडा हातावर असताना

साहेब, तुमच्या बंगल्याच्या जागी आता मंगल कार्यालय झालं आहे. तुम्ही आरामखुर्चीत बसून लोकांना शहाणपण सांगायचात, तिथे नवरीला सजवतात आणि कान फुटतील अशी गाणी लावतात. मागच्या महिन्यात एका लग्नाला गेले होते. जेवण बेचव. तुमचं स्वयंपाकघर होतं त्या कोपऱ्यात हात धुवायचे नळ लावलेत. तिथे हात धुताना तुमची आठवण आली, आणि ती काही चांगली नव्हती. म्हणून लिहिते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, तुम्ही लाल पेन घेऊन बसला असतात. आता बसा.

मी तुमच्याकडे आले तेव्हा विशीत होते. नवरा जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचा. बंगल्यामागची खोली तुम्ही आम्हाला राहायला दिलीत, त्याबदल्यात दोन्ही वेळचा स्वयंपाक माझ्याकडे. तुम्ही नुकतेच रिटायर होऊन जळगावात राहायला आला होतात. जज म्हणून तुमचं नाव एवढं, की रिक्षावाला तुमच्याकडून पैसे घ्यायला लाजायचा. पहिल्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात आलात आणि मी पोळपाट सोडून उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "बस. उभं कोर्टात राहतात, चुलीपुढे नाही." असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. माझ्या सासूनेही नाही, आणि तिला तर चुलीची कदर होती.

एकदा गुळाच्या पुडीचा कागद मी वाचत होते, ते तुम्ही पाहिलंत. मला वाटलं रागवाल. तुम्ही म्हणालात, "मोठ्याने वाच." त्यानंतर रोज दुपारी जेवण झालं की राज्यघटनेचं ते जाड पुस्तक माझ्यापुढे यायचं. मी अडखळत वाचते आहे, तुम्ही बडीशेप चघळत ऐकता आहात. कलम चौदा. कायद्यापुढे सगळे समान. ते म्हणताना तुमचं उजव्या हाताचं बोट वर जायचं.

"म्हणजे मी आणि कलेक्टर?" मी विचारलं.

"तू आणि कलेक्टर."

"मी आणि माझा भाऊ?"

"तू आणि तुझा भाऊ."

मला हसू आलं. तुम्हाला नाही आलं. तुम्हाला नाही आलं म्हणून मी ते खरं धरलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

दोन पावसाळ्यांनी माझा बाप गेला. पहूरच्या अलीकडे आमचं वावर, कपाशीचं. आमच्यात बाप गेला की बहिणीने हक्क सोडायचा असतो. स्टॅम्पपेपरवर सही करायची, भावाने साडीचोळी करायची, आणि मग मरेपर्यंत दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, त्याच्या घरी जायचं. लेकीबाळींना आखाजी म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. वर्षभर सासरी राबलेली बाई तेवढे चार दिवस कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसते, आमरस-मांडे खाते आणि मोठ्याने हसते. तेरावं झाल्यावर माझा भाऊ साडी घेऊन तुमच्या बंगल्याच्या मागच्या दारात आला. म्हणाला, "सही करून टाक व बहीण. तुले काय कमी हाये? दर आखाजीले मी सोता घ्याले येईन."

त्याला बसवून मी आत तुम्हाला विचारायला आले. तुम्ही पेपर खाली ठेवलात. "सही करू नकोस. हा हक्क तुला भावाने दिलेला नाही, कायद्याने दिला आहे. तो सोडणं म्हणजे आपण कमी आहोत असं स्वतः लिहून देणं." बोट वर. मी बाहेर जाऊन भावाला तेच सांगितलं, शब्दाला शब्द. "हे तू नाही बोलत," तो म्हणाला, "आतला म्हातारा बोलते." साडी काखेत मारून निघून गेला. चहा तसाच, वर साय धरलेला.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर माझं नाव लागलं, तुम्हीच अर्ज लिहून दिलात. वावर भावाकडेच राहिलं, त्यातलं कापसाचं बोंडही मी पाहिलं नाही. आखाजी आली, मला न्यायला कुणी आलं नाही. दुसऱ्या वर्षी लाज सोडून माझी मी एसटीने गेले. भावजय दारात आडवी उभी. पाण्याचंसुद्धा विचारलं नाही. आई आतल्या खांबाशी बसली होती, माझ्याकडे बघत होती, पण उठली नाही. पोराच्या घरात राहणारी म्हातारी, ती काय उठणार? माझ्या वयाच्या पोरी झोक्यावर होत्या. त्यांनी गाणं थांबवलं. मी परत फिरले. ती आई मी पाहिली ती शेवटची. ती गेल्याचं मला जळगावच्या बाजारात कळलं, गावाकडून मेथी विकायला आलेल्या बाईकडून. तोवर राख सावडून झाली होती.

त्या दिवशी रडत तुमच्या पुढ्यात ताट ठेवलं. तुम्ही म्हणालात, "हक्काची किंमत मोजावी लागते." आणि वरण मागितलंत. मी वाढलं. वाक्य मला पटलंसुद्धा होतं, साहेब. मला वाटायचं, मोजणाऱ्यांत तुम्हीही आहात.

मग नरडाण्याकडे तुमच्या गावी तुमचे वडील वारले. पिकलं पान होतं, कुणाला फार दुःख नव्हतं. महिन्याभराने तुम्ही मला म्हणालात, रविवारी धुळ्याहून अक्का येणार, मांडे कर. अक्का म्हणजे तुमची थोरली बहीण, धुळ्याच्या शाळेत मास्तरीण होती. मी चुलीवर मातीचं खापर पालथं घातलं, पुरण वाटलं. बाहेरच्या खोलीत तुमचं दोघांचं चाललं होतं, आणि तुम्ही तुमच्या गावच्या बोलीत बोलत होतात. माझ्याशी कधी बोलला नाहीत ती बोली. "बठ्ठं तुनंच शे ना अक्का," तुम्ही म्हणत होतात, "हाऊ नुसता कागद शे." सगळं तिचंच, कागद तेवढा नावाचा. माझ्या हातून पुरणाचा गोळा पातेल्यात पडला. अक्का म्हणाल्या, "तू सांगशी तठे सही करसू मी, भाऊ. माले काय करनं शे?"

थोड्या वेळाने तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात. एका हातात अक्कांच्या हक्कसोडीचा कागद, एका हातात पेन. "साक्षीदार म्हणून एक सही कमी पडते आहे. तुला येते. इथे कर."

मांडा माझ्या दोन्ही हातांवर होता, कोपरापर्यंत ताणलेला. मांडा एकदा हातावर घेतला की खाली ठेवता येत नाही, बाईला त्या वेळी देवही हाक मारत नाही. मी म्हणाले, "हात मोकळे नाहीत, साहेब."

"हा झाला की कर."

तो झाला. मी दुसरा घेतला. तुम्ही उभे. तिसरा घेतला. तुम्ही म्हणालात, "अगं, किती करतेस? खाणारे दोघं." मी म्हणाले, "अक्कांना बांधून द्यायला लागतील. माहेराहून रिकाम्या हाताने कशा जातील?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला कळलं होतं, तुम्ही काही खुळे नव्हतात. शेवटी शेजारच्या कंपाउंडरला हाक मारलीत. पुरण संपलं असतं तर मी नुसत्या कणकेचे मांडे केले असते, पण त्या कागदाला हात लावला नसता.

अक्का ताट घेऊन आत माझ्याजवळ येऊन बसल्या. मी त्यांना विचारलं, तुम्ही तर शाळेत शिकवलंत, मग का केलीत सही? त्या मांडा मोडत राहिल्या. म्हणाल्या, "माले आखाजीले येवाले घर पाहिजे, बाई." मी त्यांच्या मांड्यावर तूप वाढलं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

त्या गेल्यावर मी तुम्हाला विचारलं, कलम चौदा धुळ्याला पोचलं नाही का? तुम्ही चष्मा पुसलात. "तिने स्वखुशीने दिलं आहे. कायद्याने त्यात काही गैर नाही." स्वखुशीने! साहेब, माझ्या भावानेही कागदावर तोच शब्द लिहून आणला होता. तेव्हा तुम्ही म्हणाला नाहीत की स्वखुशीने दे आणि माहेर राख. स्वयंपाकणीच्या माहेरावर तुम्ही तुमचं पुस्तक चालवून पाहिलंत, स्वतःच्या घरी ते कपाटात ठेवलंत. मी दिवाळीनंतर तुमचं काम सोडलं. तुम्ही कारण विचारलं नाही. पुढे तुम्ही गेलात तेव्हा शोकसभा झाली, समतेसाठी झिजलेला माणूस असं काहीतरी म्हणाले. मी मागे उभी होते. अक्का पहिल्या रांगेत रडत होत्या. त्यांना तुम्ही दर आखाजीला आणलंत, तेवढं खरं.

आता हे सगळं का उकरते, तर माझा नवरा गेल्या वर्षी वारला. बोदवडकडे त्याची थोडी जमीन. परवा माझा पोरगा कागद घेऊन आला, बहिणीच्या सहीचा. म्हणतो, "आई, तू सांग तिला, तुझं ऐकते ती." लेक सुरतला असते. काल तिचा फोन आला, "आई, काय करू?" पोरगा समोर बसलेला, सून दाराआड. मला लिंबाचा झोका दिसला, खांबाशी बसलेली आई दिसली. मी फोनवर म्हणाले, "सही करू नको. आणि आखाजीला ये. मी बसून राहणार नाही, दार मी उघडीन." पोरगा उठून गेला. कालपासून तो आणि सून माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू. भाकरी मीच करते.

आखाजीला अजून अवकाश आहे. ती येते की नाही ते बघू.

हे लिहिलेलं पोस्टात टाकायचं नाही, डब्याखाली राहील. एक मात्र लिहून ठेवते. फोनवर सही करू नको म्हणाले, तेव्हा माझं बोट वर गेलं होतं, तुमचं जायचं तसं. दिसल्याबरोबर मी ते खाली घेतलं. पण गेलं होतं.