हेल्मेटचा पट्टा कोण आवळतो?

मु. किन्हवली, ता. शहापूर
१७ मार्च २००६

श्री. बुद्धभूषण गुरुजी, मुरबाड, यांना त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे बाळारामचा, सप्रेम जयभीम.

आमी इकडे खुशाल आहोत, म्हणजे गाडीवरून पडलेला माणूस जितका खुशाल असतो तितके. सासूबाईंचा गुडघा कसा आहे? तुझ्या दाढेचं काय झालं? (काढणार असशील तर दोन ठिकाणी विचार. एक दुखत असताना भलतीच काढून हातात देणारे आहेत.)

भातकापणीच्या दिवसांत जनाला घेऊन मी तुमच्याकडे येत होतो आणि सरळगावच्या अलीकडे वळणावर शेळी आडवी आली, हे तुला ठाऊक आहेच. आमी दोघं गाडीसकट शेतात. तिचं मनगट मुरगळलं, माझ्या डोक्याला टेंगूळ आलं. तेव्हापासून तुझी बहीण गाडीवर बसत नाय. एसटी तिला लागते, खिडकीशी बसवली तरी लागते. सासूबाईंना गुडघ्यामुळे इकडे येता येत नाय. मायलेकींनी दिवाळीपासून एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाय. जनाचं म्हणणं एकच, आधी डोक्यावर नीट बसणारं हेल्मेट आणा, मग बघू. हे तिला कोणी शिकवलं? तू शाळेत पोरांना हेल्मेटवर निबंध लिहायला लावलास ते माझ्या कानावर आलंय, एवढंच सांगतो.

तर मी शहापूरला बाजारात गेलो. दुकानदार फार गोड बोलत होता, तिथंच मी सावध झालो. त्याने बाळाला टोपडं घालावं तसं हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं, वरून टिचकी मारली आणि म्हणाला, तुमच्या मापाचंच आहे. आतून मऊ, उबदार, कुठे टोचणं नाय. घेतलं. थंडी होती तोवर झकास चाललं. मग थंडी सरली, मी मफलर सोडला आणि हेल्मेट डोक्यावर गरागरा फिरायला लागलं. दुकानात मी मफलरासकट माप दिलं होतं. (आपल्याकडे थंडीत कानावरचा मफलर कोण सोडतो? पण त्याला दिसत होता ना, मग बोलायला नको?) देवजी पाटलाच्या खळ्यापाशी मी मान उजवीकडे वळवली, हेल्मेट मात्र समोरच बघत राहिलं. मला स्पंजाशिवाय काही दिसेना. गाडी खळ्यात शिरली. देवजीने कोण रे तो म्हणून विचारलं, पण हेल्मेटातून माझं नाव त्याला ऐकू जाईपर्यंत त्याने काठी उचलली होती.

दुकानदाराने ते बदलून दिलं, तेसुद्धा हसत. दुसरं डोक्यात गेलं, पण कान दुमडून गेलं आणि निघायचं नाव घेईना. दुकानदार ओढत होता, शेजारचा चहावाला काउंटरला पाय लावून ओढत होता, आणि गिऱ्हाईकं चहा पीत बघत होती. तिसरं मात्र बसलं. गाल जरा दाबतं, पण दुखत नाय, आणि मान हलवली की सोबत हलतं. मग हे त्याने पहिल्यांदाच का नाय दाखवलं, याचा विचार मी अजून करतोय.

खरी भानगड पुढेच आहे. रविवारी दुपारी जेवून मी जरा पडतो. हेल्मेट खुंटीला असतं. सोमवारी घालायला जावं तर पट्टा आवळलेला, माझ्या हनुवटीखाली येतच नाय. मी सैल करावा, पुढच्या सोमवारी पुन्हा आवळलेला. आतून खोबरेल तेलाचा वास. मी तेल लावत नाय, लावायला डोक्यावर काही उरलेलंच नाय. पहिला संशय देवजीवर गेला, पण त्याचं डोकं म्हणजे कणगी, त्याला हे बसणारच नाय. मग वाटलं, आपोआप आटणारा पट्टा त्या गोडबोल्याने गळ्यात मारला. खोटं कशाला सांगू, तुझ्यावरही गेला, पण तू पडलास मुरबाडला.

गेल्या रविवारी मी जेवलो, आडवा झालो, खोटं खोटं घोरलो आणि हळूच उठून खिडकीतून पाहिलं. पडवीत गाडी स्टँडला उभी, इंजिन बंद. मागच्या सीटवर जना, पदर खोचून, माझं हेल्मेट घालून. पुढे कोणी नाय. एका हाताने मागची दांडी धरलेली, दुसरा हात माझा खांदा असतो तिथे, हवेत. मधेच ती जरा कलायची, डोळे मिटायची, मग सरळ व्हायची. अंबाड्याला टोचत होतं म्हणून तिने हेल्मेट काढलं, मागून डोकं चोळलं, आणि पुन्हा घातलं. बुद्धभूषण, ही बाई दर रविवारी एकटीच मुरबाडची वाट चालत होती आणि मी चोर शोधत होतो. मी परत जाऊन घोरत पडलो.

सासूबाईंना जयभीम, तुझ्या बायकोला, संघरत्नाला, आणि पोरांना विचारल्याचं सांग.

तुझा,
बाळाराम

ता. क. तुझं कल्याणला जाणं असतं. अंबाड्यावर बसेल असं बायकांचं हेल्मेट मिळतं का बघ. सोबत सुतळी पाठवतोय, जना दुपारी झोपली असताना तिच्या डोक्याचं माप घेतलंय. हेल्मेट तू आपल्या मनाने पाठवलंस असंच म्हण. मी पाहिलं ते तिला कळता कामा नये.

ता. क. दुसरा. ती पोस्टाकडेच निघालीय म्हणून पाकीट तिच्या हाती देतोय. डिंक दोनदा लावलाय, तेव्हा काळजी नाय.

(खाली वेगळं अक्षर)

भूषण, मी जनाताई. भाताच्या वाफेवर डिंक लगेच सुटतो. यांची सुतळी फेकली, माप अंबाड्यावरून घेतलं होतं. घेताना मी जागीच होते. दुसरी घातलीय, त्या मापाचं आण. अंबाड्याचं मी बघीन, वेणी घालीन. आणि शेळी आडवी आली नव्हती, ती बांधलेली होती. आईला सांग, हेल्मेट आलं की त्याच रविवारी आमी निघतो. यांना सांगू नको, पण गाडीच्या आरशात आमची खिडकी दिसते. हे तिथे उभे होते, म्हणून त्या दिवशी मला सरळगावच्या वळणावर भीती वाटली नाय.