बाबांना आणायला जातेय

दादा,

तालुक्याहून गवत घेऊन आलास की आधी चूल पेटव. कोरड्या गोवऱ्या आत ठेवल्यात. खारा चहा थर्मासमध्ये आहे. तंबूत सात कोकरं बांधलीत, त्यांना दूध कोमट करून पाज. काळ्याची आई काल थंडीने मेली, पण तो गाईचं दूध पितो. मेलेल्या मेंढ्या कुंपणामागे रचल्यात. आज मी त्या मोजल्या नाहीत.

बाबा सापडले, दादा. गेले ते. परवा तू निघाल्यावर वादळ उठलं आणि घोड्या वाऱ्याबरोबर पांगल्या. मी म्हटलं, "दादाला येऊ द्या." तर म्हणाले, "गाभण जनावरं तिकडे कुडकुडणार आणि मी इथे शेकत बसू होय?" काल त्यांचा घोडा एकटाच परत आला. आज सकाळी लुव्सानकाकांना ते टेकडीच्या आडोशाला बसलेले दिसले. काकांबरोबर त्यांना आणायला जातेय. उंट नेलाय.

जाताना तू त्यांना जे बोललास, ते त्यांनी मनाला लावून घेतलं नव्हतं. जेवताना म्हणाले, "दमदिन गवत आणल्याशिवाय राहायचा नाही."

मला अजून रडू आलेलं नाही. बोटं बधिर आहेत, अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे.

घोड्या आज आपल्या आपण परत आल्या, अकराच्या अकरा. कुंपणाशी उभ्या आहेत. त्यांच्यावर राग काढू नकोस. पोटभर गवत घाल, त्यांच्या पोटात शिंगरं आहेत.

ओयुन