टोकाचे लाल दगड

साहेब, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी गंगाखेडच्या घरात बसून तुम्हाला लिहिते आहे. इथून समुद्र लांब. तुम्ही हेच ऐकवायचात मला, "गोदाकाठच्या बाई, डोहात म्हशी बघितल्यात, लाट कुठं बघितली?" सगळं ऑफिस हसायचं.

मच्छीमारांच्या बंदरासाठी आपण ब्रेकवॉटर आखत होतो, लाटा अडवणारा लांब दगडी बांध. त्याच्या समुद्रातल्या टोकाला लाट वळसा घालते आणि दगड मागून ओढते. म्हणून टोकाचा सेफ्टी फॅक्टर, म्हणजे हिशेबापेक्षा जादा धरायची ताकद, वेगळा धरा, तिथं जड दगड घाला, असं मी म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "फॅक्टर एकदा धरलाय. कॉन्व्हेंटमध्ये शिकलात ना? उरलेल्यासाठी प्रार्थना करा." प्रयोगशाळेच्या हौदात बांधाची छोटी प्रतिकृती होती. कुठले दगड हलतात ते दिसावं म्हणून टोकाचे मी लाल रंगवले होते. लाटा सोडल्या आणि लाल दगड मागे घरंगळले. मग तुम्ही बाह्या सरसावून हौदात उतरता. एकेक दगड फिरवून, खाचेत खाच बसवून, गवंड्यासारखं टोक रचता. पुन्हा लाटा. "बघा बाई, हलला का?" नाही हलला. नकाशा मंजूर.

अहो, समुद्रात दगड क्रेननं टाकतात! तिथं खाचा जुळवायला तुमची बोटं येणार होती का? दुसऱ्याच पावसाळ्यात टोक ढासळलं, आतल्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. तुम्ही निवृत्तीची शाल पांघरून सांगत फिरलात, "बांधणाऱ्यांनी घोळ घातला." ते टोक मी पुन्हा बांधून घेतलं, दुप्पट वजनाच्या दगडांनी. अजून उभं आहे. तुम्ही बघायला आलात, काठी टेकत शेवटपर्यंत चाललात आणि म्हणालात, "वारा फार आहे." 'बाई, तुमचं बरोबर होतं,' एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द होते, साहेब. तुमच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं, तेव्हा मीही वाऱ्याबद्दलच बोलले.

हौदातला एक लाल दगड माझ्याकडे आहे. दार आपटू नये म्हणून लावते. कामाच्या मावशी म्हणतात, "बाई, ह्यो धोंडा टाकून देऊ का? लय पायात येतो बगा." मी नको म्हणते. हे पत्र तर कुठंच जायचं नाही, म्हणून सांगते: ते चार शब्द मला अजून तुमच्याच तोंडून हवे आहेत. तोवर रोज सकाळी तो दगड पायानं सरकवते.

हलतो, साहेब.