नावापुढचं शून्य

आदरणीय जळबाकाका,

गोरेगावच्या जुन्या जमीन-नोंदी संगणकावर चढवायचं आपलं काम चालूच आहे.

तुमच्या टायपिंगमध्ये चुका असायच्या. मी टीमची प्रमुख, पण बापाच्या वयाच्या माणसाला चूक कशी दाखवायची? तुम्ही संध्याकाळी साखऱ्याला, गावी जाणाऱ्या जीपनं गेलात की मी गुपचूप दुरुस्त करायचे. संगणकात दुरुस्ती करणाऱ्याच्याच नावावर ती अख्खी नोंद पडते, हे मला ठाऊक होतं. पुण्याच्या साहेबांनी कुणी किती नोंदी केल्या याची यादी काढली, तेव्हा तुमच्या नावापुढं शून्य होतं. त्या नोंदी तुमच्याच आहेत हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि तुम्हाला कामावरून काढलं.

जाताना तुम्ही म्हणालात, "करुणा, तू माझी एक चूक काढली न्हाईस, बाई."

हे पत्र तुमच्या टेबलाच्या कप्प्यातच राहील. तिथं आता माझ्याच वयाची मुलगी बसते. तिच्या चुका मी तिला तोंडावर सांगते. ती टिकेल.

तुमची,
करुणा